पहिल्या रांगेच्या मागे उभे असलेले

१९६७ साली सर्वोच्च न्यायालयात नागपूरच्या एका खटल्याचा निकाल लागला. एका बाजूला नागपूर इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी, दुसऱ्या बाजूला कर्मचारी राज्य विमा महामंडळ. वाद विम्याच्या वर्गणीचा होता, पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न पैशापेक्षा मोठा होता. आवारात यंत्राशेजारी राबणारा तो कामगार, याबद्दल कुणाचे दुमत नव्हते. पण शहरभर फिरून तारा ओढणारा, खांबावर चढून लाईन दुरुस्त करणारा, किंवा कचेरीत बसून हिशेब लिहिणारा, ही माणसे कारखान्याची धरायची की नाही? न्यायालयाने सांगितले, धरायची. ज्याचे काम कारखान्याच्या कामाशी जोडलेले आहे तो भिंतीच्या आत असो की बाहेर, कायद्याच्या लेखी तो कर्मचारीच.

कायद्याने इतक्या वर्षांपूर्वी जे मान्य केले, ते आपल्या छायाचित्रांनी अजून मान्य केलेले नाही. वीज कंपन्यांच्या स्मरणिका चाळा, वर्धापनदिनाची प्रदर्शने पाहा. उद्घाटनाची फीत आहे, कळ दाबणारे मंत्री आहेत, चिमणी आहे, शीतकरण मनोरे आहेत, नव्या कोऱ्या नियंत्रण कक्षात दिव्यांच्या ओळी आहेत. माणसे असलीच तर दूर, पिवळ्या शिरस्त्राणांचे ठिपके होऊन. विजेचा इतिहास म्हणून आपण जे जपतो ती बहुतेक वेळा विजेच्या मालमत्तेची यादी असते.

नागपूर परिसरातल्या वीज उद्योगाच्या जुन्या छायाचित्रांचा सार्वजनिक संग्रह व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते. तो कंपनीच्या जनसंपर्क विभागाच्या कपाटातून नव्हे, कामगारांच्या घरच्या अल्बमांमधून सुरू व्हावा. आणि स्कॅनर लावण्याच्या आधी त्या चेहऱ्यांना नावे लावण्याचे काम व्हावे. नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राच्या पहिल्या संचातून १९७४ साली वीज निघाली. तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा असलेला हेल्पर आज सत्तरी ओलांडून गेला आहे. इमारतीचा फोटो दहा वर्षांनीही शोधता येईल. त्या फोटोतल्या माणसाला ओळखणारा शेजारी दहा वर्षांनी सापडेलच, असे कोण सांगू शकेल?

हे काम नागपुरात अधिक निकडीचे का, ते इथल्या विजेच्या प्रवासावर नजर टाकली की कळते. शहरात वीज वाटण्याचे काम आधी खासगी कंपनीकडे होते. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होते आणि स्वातंत्र्यानंतर खापरखेड्याचे जुने वीजगृह उभे राहिले तेही त्याच कारभारात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, जुन्या मध्य प्रदेशाचा कारभार दुसऱ्या राजधानीत गेला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळही त्याच वर्षी झाले. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि त्यांच्यावरची सूत्रधारी कंपनी अशी चार घरे झाली. २०११ मध्ये नागपूरचे महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स हे तीन विभाग वीज वाटपासाठी खासगी फ्रँचायझीकडे गेले, ते २०१९ मध्ये पुन्हा महावितरणकडे आले.

प्रत्येक हस्तांतराच्या वेळी फलक बदलतात, कार्यालये हलतात, खोल्या रिकाम्या कराव्या लागतात. हस्तांतराच्या यादीत रोहित्रे असतात, मीटर असतात, टेबल-खुर्च्या असतात. भिंतीवरची तसबीर त्या यादीत नसते. तिच्यावर ना वस्तूचा क्रमांक, ना किंमत. नवा अधिकारी येतो, त्याला त्यातले कुणी ओळखीचे नसते, आणि तसबीर आधी कपाटावर, मग जिन्याखाली, मग रद्दीत जाते. यात कुणाचा दुष्टावा असतो असे नाही. सांभाळण्याची जबाबदारी कुणाच्याच नावावर नसली की वस्तू टिकत नाही, एवढेच.

आता दुसरी अडचण. वीजगृह हे प्रतिबंधित क्षेत्र. फाटकावरच छायाचित्रण निषिद्ध असल्याची पाटी. सुरक्षेच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे, पण त्याचा परिणाम असा की ज्या माणसाने पस्तीस वर्षे बॉयलरच्या धगीत काढली, त्याच्याजवळ बॉयलरसमोर उभा असलेला स्वतःचा एकही फोटो नसतो. सीएचपीत, म्हणजे कोळसा हाताळणी विभागात, कोळशाच्या धुळीने काळा झालेला चेहरा, रात्रपाळीत पहाटे तीनचा चहा, संच ट्रिप होऊन अचानक बंद पडल्यावरची धावपळ, यातले काही कॅमेऱ्यात आले नाही. आले ते वसाहतीतले. कोराडीची विद्युत विहार, खापरखेड्याची प्रकाशनगर, इथल्या क्वार्टरांमध्ये घरोघरी जे अल्बम आहेत तोच या उद्योगाच्या कामगारांचा खरा चित्रसंग्रह.

त्या अल्बमांत काय असते? गणपतीची आरास आणि त्यातली फिरती रोषणाई, जी करायला इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचीच माणसे असायची. १४ एप्रिलची मिरवणूक. कोजागिरीचे आटवलेले दूध. महिला मंडळाचे हळदीकुंकू. विश्वकर्मा पूजेला फुलांच्या माळा घातलेले लेथ मशीन. शाळेचे स्नेहसंमेलन. दारात नवी लूना, तिच्यावर बसवलेले पोर आणि मागे क्वार्टरचा नंबर. ज्यांच्या आधीच्या पिढीने कंदिलाच्या उजेडात दिवस काढले, अशा कितीतरी घरांना मंडळाच्या नोकरीने पहिल्यांदा पक्के छत, नळ आणि पंखा दिला. शेतमजुराच्या, विणकराच्या, गिरणी कामगाराच्या घरातली मुले इथे यंत्रचालक झाली आणि त्यांची मुले इंजिनीअर. नागपूरच्या मध्यमवर्गाचा एक मोठा भाग अशाच क्वार्टरांतून घडला आहे. समाजशास्त्राचा अभ्यास करणाऱ्याला याहून चांगले साधन कुठे मिळेल? आणि तरी हे सगळे आपण 'घरगुती फोटो' म्हणून बाजूला ठेवतो.

एका निवृत्त लाईनमनच्या घरी पाहिलेल्या एका फोटोबद्दल जरा सविस्तर लिहितो. निरोप समारंभाचा ग्रुप फोटो, कृष्णधवल, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. पुढे खुर्च्यांची रांग: मधोमध हार घातलेले साहेब, मांडीवर शाल-श्रीफळ. त्यांच्या मागे उभी रांग, तिच्यामागे बाकावर चढून उभी आणखी एक रांग. आणि अगदी पुढे, खुर्च्यांच्याही पुढे, सतरंजीवर मांडी घालून बसलेले हेल्पर. पुठ्ठ्यावर खाली सुबक अक्षरांत छापले होते, 'खुर्चीवर बसलेले, डावीकडून', आणि पुढे आद्याक्षरांसह नावे व हुद्दे. खुर्चीवर नसलेल्यांसाठी एक ओळही नव्हती. फोटोतल्या बहुसंख्य माणसांना पुठ्ठ्यावर जागाच नव्हती.

ते काका बोट ठेवत ठेवत सांगू लागले. हा अमक्या गावचा, याचा आवाज असा की भजनात पेटी लागायची नाही. हा पुढे खांबावरून पडला, कमरेचे दुखणे शेवटपर्यंत राहिले. हा नेहमी परमिट, म्हणजे काम करायचा लेखी परवाना, हातात आल्याशिवाय लाईनला हात लावायचा नाही, साहेब ओरडले तरी नाही. मी सतरंजीवरच्यांच्या पायांकडे पाहत होतो. रबरी हातमोजे एकाच्या कमरेला लटकलेले दिसत होते, पक्कड बहुतेकांच्या खिशात होती, पण बूट फार थोड्यांच्या पायात. बाकीच्यांच्या चपला सतरंजीच्या कडेला ओळीने काढून ठेवलेल्या. विचारले तर म्हणाले, "चपला घालूनच चढत होतो ना भाऊ, बूट मंग भेटले." मागच्या भिंतीला बांबूची शिडी टेकवलेली होती. ती फोटोग्राफरला काढून ठेवायचे सुचले नसावे. त्या एका शिडीने आणि त्या चपलांच्या ओळीने त्या काळातल्या सुरक्षेबद्दल जे सांगितले, ते कोणत्या वार्षिक अहवालात सापडेल असे मला वाटत नाही.

त्या पुठ्ठ्यामागे एकही अक्षर लिहिलेले नव्हते. काका आहेत तोवर तो फोटो बोलतो आहे. त्यांच्या मुलाला त्यातले दोघे-तिघे ओळखू येतात, नातीला फक्त आजोबा.

नाव नसले तर काय बिघडते, असे विचारणारे भेटतात. फोटो चांगला असला म्हणजे झाले, कामगार हा प्रातिनिधिक असतो, असे ते म्हणतात. या विचाराला उत्तर म्हणून मला नेहमी १९२० सालचे एक अमेरिकी छायाचित्र आठवते. लुईस हाइन या छायाचित्रकाराने काढलेले. वाफेच्या पंपाच्या प्रचंड वर्तुळात पाठीची कमान करून, हातात पाना घेऊन वाकलेला वीजगृहातला एक कामगार. जगभरात वीज कामगाराचे म्हणून याहून अधिक छापले गेलेले चित्र क्वचितच असेल. चित्राच्या नावात त्याचे काम आहे, यंत्राचे नाव आहे. माणसाचे नाव नाही. हाइन कामगारांच्या बाजूचा होता, बालमजुरीविरुद्ध त्याने कॅमेऱ्याने लढा दिला, त्याच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरीही शंभर वर्षांनंतर आपण त्या माणसाचे स्नायू ओळखतो आणि त्याला ओळखत नाही. तो संपाला गेला होता का, त्याला किती पोरे होती, म्हातारपणी त्याचे काय झाले, हे विचारायची वाटच बंद झाली आहे.

याच्या उलट उदाहरण आपल्याच देशात आहे. ६ डिसेंबर १९५९. धनबाद जिल्ह्यात दामोदर खोरे महामंडळाच्या पंचेत धरणाचे उद्घाटन. पंतप्रधान नेहरूंनी स्वतः कळ न दाबता धरणावर काम करणाऱ्या बुधनी मेझान या संथाळ मुलीला ती दाबायला सांगितली. तेव्हाचे तिचे छायाचित्र देशाने पाहिले: नव्या भारताची वीज आणि ती सुरू करणारा कामकरी हात. क्षण खरा होता, भावनाही खरी होती. पण चौकटीच्या बाहेर वेगळेच घडत होते. समारंभातल्या हारामुळे नेहरूंशी तिचे लग्न लागले असे मानून तिच्या समाजाने तिला वाळीत टाकले. १९६२ मध्ये तिची नोकरीही गेली, ती परत मिळायला १९८५ उजाडावे लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती गेली. आज हे आपल्याला ठाऊक आहे, याचे एकमेव कारण म्हणजे तिचे नाव नोंदले गेले होते. नाव होते म्हणून कुणीतरी पुढे तिला शोधत गेले, आणि त्या गौरवचित्राची दुसरी बाजू उजेडात आली. नाव नसते तर बुधनी 'उद्घाटन करणारी आदिवासी युवती' म्हणून गोठून राहिली असती आणि आपण सगळे त्या चित्राकडे समाधानाने पाहत राहिलो असतो.

म्हणून नावांचा आग्रह. नाव लागले की छायाचित्र पुरावा होते. भविष्य निर्वाह निधीची नोंद, अपघाताची फाईल, वसाहतीचा क्वार्टर, गावाकडचे घर, सगळ्याला दोरा जोडता येतो.

असे संग्रह होऊ शकतात का? होऊ शकतात, झालेही आहेत. आयर्लंडच्या ईएसबी या वीज संस्थेने १९४६ पासून खेड्यापाड्यांत वीज नेली. त्या काळातले खांब उभारणीचे, गावकऱ्यांचे, कर्मचाऱ्यांचे फोटो तिने स्वतःच्या अभिलेखागारात जपले आणि लोकांसाठी खुले केले. कॅलिफोर्नियातल्या एका वीज कंपनीची सुमारे ७०,००० छायाचित्रे हंटिंग्टन या ग्रंथालयात आहेत. कंपनीने ती आपल्या गोदामात न ठेवता अभ्यासकांच्या हाती दिली, हे मला त्यातले विशेष वाटते. इतके दूर जायलाही नको. मुंबईत बेस्टने आणिक आगारात आपले संग्रहालय केले आहे. आणि आपल्या नागपुरात, मोतीबागेत, २००२ पासून नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. छोट्या गाडीची इंजिने, कंदील, तिकिटांची यंत्रे तिथे पोरे डोळे मोठे करून पाहतात. जे रेल्वेला जमले ते विजेला न जमण्याचे काही कारण दिसत नाही. जिल्ह्यात महानिर्मितीची दोन मोठी औष्णिक केंद्रे, शेजारी चंद्रपूर, काटोल रोडला विद्युत भवन, आणि तरी नागपूरच्या शाळकरी मुलाला आपल्या घरातली वीज कुणी आणली हे दाखवणारी एक खोली या शहरात नसावी, ही गोष्ट मला सलते.

आक्षेप येतो तो पैशाचा. कंपनीचे काम वीज देणे, संग्रहालये चालवणे नाही. हा खर्च शेवटी ग्राहकाच्या बिलात येणार. आक्षेप रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. पण मी इमारत मागत नाही. उलट, संग्रह कंपनीच्या ताब्यात नसलेलाच बरा असे माझे मत आहे. नागपुरात राज्याच्या पुराभिलेख विभागाचे कार्यालय आहे, मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे जुने दस्तऐवज तिथे आहेत. सार्वजनिक अभिलेखांबद्दल महाराष्ट्राचा २००५ चा कायदा आहे. विद्यापीठाचा इतिहास विभाग आहे. मूळ फोटो घरीच राहू द्यावेत, उत्तम प्रतीची डिजिटल प्रत आणि सोबतची माहिती अभिलेखागारात जावी, आणि एक प्रत त्या कुटुंबाला परत मिळावी. कंपन्यांनी करायचे ते एवढेच: आपल्या जुन्या तसबिरी, काचेच्या आणि फिल्मच्या निगेटिव्ह, अंतर्गत नियतकालिकांचे अंक रद्दीत जाऊ न देता सोपवावेत, आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन आणि वैद्यकीय कामांसाठी जे मेळावे होतात तिथे एक टेबल मांडू द्यावे.

दुसरा आक्षेप माझा स्वतःचा आहे, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. असा संग्रह झाला तर तो फक्त अभिमानाचा होईल. सोन्याचे दिवस होते, वसाहत म्हणजे एक कुटुंब होते, अशा आठवणींनी भरून जाईल. त्या आठवणी खोट्या नाहीत. पण तेवढ्याच ठेवल्या तर ती अर्धी गोष्ट होईल. कोराडीच्या विजेला राख आहे. खसाळा राखतलावाचा बांध जुलै २०२२ मध्ये फुटला आणि राखेचे पाणी गावांत, शेतांत, ओढ्यांत गेले, त्याचे फोटो गावकऱ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत. ते या संग्रहात नको म्हणणाऱ्याला मी तरी मान्यता देणार नाही. पिकावर बसलेली राख पुसणारी बाई आणि नियंत्रण कक्षातला यंत्रचालक एकाच उद्योगाच्या इतिहासातली माणसे आहेत.

संपाचेही तसेच. विदर्भातल्या वीज कामगारांच्या चळवळीबद्दल बोलताना ए. बी. बर्धन यांचे नाव टाळता येत नाही. १९५७ साली नागपुरातून विधानसभेत गेलेले आणि पुढे आयटक या कामगार महासंघाचे सरचिटणीस झालेले हे नेते. फाटकसभा, मोर्चे, काळ्या फिती, साखळी उपोषण, यांचे फोटो कंपनीच्या दप्तरात असण्याचा संभव कमी. ते संघटनांच्या कार्यालयांत आणि 'हितवाद', 'तरुण भारत', 'लोकमत' यांच्या जुन्या निगेटिव्हमध्ये शोधावे लागतील. जानेवारी २०२३ मध्ये खासगी कंपनीला वीज वितरणाचा समांतर परवाना देण्याच्या विरोधात राज्यभरातल्या वीज कर्मचाऱ्यांनी ७२ तासांचा संप पुकारला आणि त्याच दिवशी चर्चेनंतर मागे घेतला. त्या सकाळचे फोटो तर आजच पाच-सहा मोबाइल बदलून हरवण्याच्या मार्गावर असतील.

अपघातांच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. तारेला चिकटून गेलेल्या माणसाचा फोटो चौकशीच्या फाईलमध्ये असतो, तो तिथेच राहावा. त्याच्या मुलांना तो कधी अचानक प्रदर्शनात दिसू नये. त्या माणसाचा हसतानाचा फोटो घ्यावा, खाली नाव, गाव, हुद्दा, तारीख आणि तो कशाने गेला हे स्पष्ट लिहावे. ४ मार्चला आता देशात लाईनमन दिवस पाळतात. त्या दिवशी भाषणांआधी ही नावे वाचली गेली तर त्या दिवसाला वजन येईल.

कामाच्या पद्धतीबद्दल दोन गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात, कारण घाईने केलेले नुकसान नंतर भरून येत नाही. नागपूरचा उन्हाळा फोटोंचा वैरी आहे. पंचेचाळीस अंशांची कोरडी धग, मग त्याच खोलीत चार महिने चाललेल्या कूलरची ओल, त्यावर पावसाळा. फ्रेमच्या काचेला फोटो चिकटतो. तो ओढून काढला तर चेहरेच काचेवर राहतात, तेव्हा काचेसकट त्याचा फोटो घ्यावा. ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर पडत चालले आहेत, त्यांना कृष्णधवल फोटोंच्या आधी हात लावावा, कारण जुने कृष्णधवल त्यांच्यापेक्षा जास्त टिकतात. चिकट पानांचे आणि प्लास्टिकच्या आवरणाचे अल्बम दिसायला नीटनेटके असले तरी त्यांचा गोंद फोटोला खातो. मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो म्हणजे जतन नव्हे. तिथे तो आकसतो, त्याची तारीख पुसली जाते, आणि शंभर ग्रुपांत फिरून शेवटी तो कुणाचा हेच कळेनासे होते.

नावे लावायला एकट्याला बसवू नये. चार निवृत्त माणसे एका टेबलाभोवती बसवावीत, फोटो मोठा करून समोर ठेवावा, आणि त्यांचे बोलणे रेकॉर्ड करावे. एक म्हणतो हा अमका, दुसरा म्हणतो नाही, त्याचा भाऊ, तो राखेच्या विभागात होता. त्या वादातूनच पाळ्या, बदल्या, भांडणे, सोयरिकी बाहेर येतात. बायकांना मुद्दाम बोलवावे. वसाहतीतली कोणती चिमुरडी कुणाची हे त्यांना जितके ठाऊक असते तितके त्यांच्या नवऱ्यांना नसते. आणि पगारपत्रकात नाव नसले तरी नवऱ्याच्या पाळीनुसार घर झोपवणे आणि उठवणे हे काम त्यांनीच केले आहे. संमती लेखी घ्यावी. एखाद्या घराला फोटो द्यायचा नसेल तर चहा घेऊन निघावे.

राहता राहिला आजचा कामगार. त्याची परिस्थिती मला सगळ्यात चमत्कारिक वाटते. इतके फोटो वीज उद्योगात कधीच काढले गेले नव्हते. मीटर वाचणारा दर महिन्याला प्रत्येक मीटरचा फोटो काढतो, तो पूर्वी बिलावर छापूनही यायचा. फीडरवर काम झाले की आधीचा आणि नंतरचा फोटो उपविभागाच्या ग्रुपवर टाकावा लागतो. रोज असे किती फोटो निघत असतील, आणि त्यांतल्या बहुतेकांत आकडे, खांब, डीपीची पेटी असते. हात दिसलाच तर मनगटापर्यंत. स्मार्ट मीटर येत आहेत, म्हणजे दारोदार फिरून रीडिंग घेणारा माणूस आपल्या डोळ्यांदेखत जाणार आहे, आणि त्याचा कामावरचा एक धड फोटो कुणाकडे नाही.

त्यातही कंत्राटी कामगाराचे हाल अधिक. तो वसाहतीत राहत नाही, त्याला निरोप समारंभ नाही, त्याच्यासाठी ग्रुप फोटोत सतरंजीसुद्धा नाही. कंत्राट बदलले की त्याचे ओळखपत्र बदलते, ठेकेदाराचे नाव बदलते, काम तेच राहते. पन्नास वर्षांनी कुणी विचारले की २०२० च्या दशकात कोराडीचा कोळसा कोण हलवत होते, वादळानंतर मानेवाड्याच्या, नंदनवनच्या लाईनी रात्रभर कोण जोडत होते, तर कंपनीच्या दप्तरात फक्त निविदेचा क्रमांक सापडेल.

१९६७ च्या त्या निकालाने भिंतीबाहेरच्या माणसाला आत घेतले होते. तोच न्याय इथे लावायचा तर प्रत्येक उपविभागाने आणि प्रत्येक केंद्राने दर महिन्याला थोडेसे फोटो बाजूला काढावेत, ज्यांत कामावरची माणसे चेहऱ्यासकट असतील. सोबत प्रत्येकाचे पूर्ण नाव, गाव, काम आणि तारीख लिहावी. तो कायम आहे की कंत्राटी, आणि कंत्राटी असेल तर कोणत्या ठेकेदाराकडे, हेही त्याच ओळीत लिहावे. ज्यांचा फोटो निघाला त्यांना त्याची प्रत द्यावी आणि नाव बरोबर लिहिले आहे की नाही, हे त्यांच्याकडूनच तपासून घ्यावे.